पाव किलो फग्याचं वाण

माणूस गेलं की मागं काय काय राहतं, याची एक ठरलेली यादी असते. चष्मा, चपला, कपाटातल्या साड्या, अर्धवट विणलेलं काहीतरी. कमलाकर उकिडव्यांच्या बायकोनं, प्रमोदिनीनं, हे सगळं मागं ठेवलंच. शिवाय चौदा बायकांना दिलेला एक शब्दही ठेवला. गेल्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, सौदीतल्या अल-खोबरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये, हातात तिळगुळाची वाटी घेऊन ती सगळ्यांना म्हणाली होती, "पुढच्या वर्षी माझं वाण म्हणजे फगा. प्रत्येकीला पाव किलो. विकतचा नाही हं, शोधलेला." ऑगस्टमध्ये ती गेली. चार दिवस ताप, दोन दिवस हॉस्पिटल, बस्स. शब्द तेवढा इथंच राहिला.

चौदा गुणिले पाव म्हणजे साडेतीन किलो. कमलाकर इंजिनियर असल्यामुळे हे गणित त्यांना तोंडी आलं.

फगा म्हणजे वाळवंटातली अळंबी. आपल्याकडच्या अळंबीला छत्री तरी असते, ती लांबून दिसते. फगा जमिनीच्या पोटात वाढतो. बटाट्याएवढा, बटाट्याच्याच रंगाचा. चव म्हणाल तर ओल्या मातीला लसणीची फोडणी दिल्यासारखी, आणि ज्यांना ती आवडते ते लोक ती खाताना डोळे मिटतात. पावसाळा असा इथं नाहीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चार सरी पडतात. त्या गडगडाटासह पडल्या तर जानेवारीत फगा येतो, नुसत्याच पडल्या तर येत नाही, असं इथले लोक सांगतात. कमलाकरांनी एकदा याचा पुरावा मागितला होता. कोणी दिला नाही.

हा फगा शोधायचा म्हणजे जमीन कुठं किंचित फुगलीय, कुठं केसाएवढी भेग पडलीय, ते बघत ओणवं चालायचं. प्रमोदिनीला ते जमायचं. दर हिवाळ्यात मराठी मंडळींच्या चार गाड्या नुऐरियाच्या रस्त्यानं अडीच तास जायच्या, एका टेकाडापाशी थांबायच्या. मग प्रमोदिनी आणि तिची मैत्रीण शरफुन्निसा पिशव्या घेऊन टेकाडापलीकडे जायच्या आणि तासाभरानं भरल्या पिशव्यांनी परत यायच्या. बाकीचे लोक अलीकडे खुरप्यांनी वाळू उकरून घामाघूम. कसं काय जमतं म्हणून विचारलं की ती म्हणायची, "नजर लागते."

हे म्हणताना ती कमलाकरांकडे बघायची. अकरा हिवाळ्यांत कमलाकरांना एकंदर एकच फगा सापडला होता आणि तो उंटाची वाळलेली लेंडी निघाला. तिनं त्याचा फोटो काढून टोरांटोला लेकीला, चारुताला, पाठवला. त्यानंतर "तुम्ही शेगडी सांभाळा, वारा आहे" एवढंच काम त्यांच्याकडे राहिलं. त्यांनी ते चोख केलं. अकरा वर्षांत एकदाही शेगडी पळून गेली नाही.

बरं, प्रमोदिनी काही कोणी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हती. अरबी तर तिला अजिबात येत नव्हतं. एकोणीस वर्षं सौदीत राहून ती बेकरीवाल्याशी, टॅक्सीवाल्याशी, मॉलमधल्या पोरींशी, सगळ्यांशी खणखणीत मराठीत बोलायची. "ताजी आहे का कोथिंबीर, खरं सांगा." आणि तो यमनी दुकानदार खरं सांगायचा. कमलाकर तिथं शेजारी उभे राहून मोडक्या अरबीत तेच विचारायचे, तर तो त्यांना शिळी द्यायचा.

आता मार्चअखेर कमलाकरांचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, संपत होता. नोकरी संपली, की कायमचं पुणे. म्हणजे फग्याचा हा शेवटचा हंगाम. गौरीनं, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या इंद्रनीलच्या बायकोनं, यंदाचं हळदीकुंकू रथसप्तमीला ठेवलं होतं. प्रमोदिनीकाकूंचं वाण कोणीच मागणार नव्हतं, हे कमलाकरांना ठाऊक होतं. नेमकं तेच त्यांना सहन होत नव्हतं. कोणी मागितलं नाही म्हणून बुडालं, असं तिच्या शब्दाचं व्हायला नको होतं.

त्यांनी हे बोलून दाखवलं ही पहिली चूक.

लगेच गौरीच्या दिवाणखान्यात बैठक बसली. पहिला मुद्दा धर्माचा निघाला. वर्षाच्या आत घरात सण करायचा नसतो, मग वाण कसं चालेल? हेमलतावहिनी या बिल्डिंगमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी तिथूनच नाशिकला त्यांच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी आधी फगा म्हणजे काय ते समजून घेतलं, मग तो कांदालसणात मोडतो की कंदमुळात यावर दहा मिनिटं विचार केला, आणि शेवटी सांगितलं की पुरुषानं हळदीकुंकू लावायचं नाही; पिशवी दाराबाहेरून द्यायला शास्त्राची हरकत दिसत नाही. कुरियरवाला देतो तशी. कमलाकरांच्या एकतीस वर्षांच्या संसाराचं स्थान असं कुरियरवाल्याच्या पातळीवर निश्चित झालं.

दुसरा मुद्दा हुसेनमियाँनी काढला. हुसेनमियाँ मूळचे दापोलीकडचे, खोबरमध्ये मसाल्याचे व्यापारी आणि शरफुन्निसाचे नवरे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "उकिडवेसाहेब, हुफूफच्या बाजारात जाऊ. माझा माणूस आहे. साडेतीन किलो उचलू, वर धुऊन देईल. कशाला वाळूत कंबर मोडताव?"

इंद्रनील म्हणाला की आता ॲपवरही मिळतो. टोरांटोहून चारुताही फोनवर हेच म्हणाली होती, "बाबा, जस्ट ऑर्डर इट."

कमलाकर उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत ते बैठकीत कधी उभे राहिले नव्हते. "तिनं शोधलेला देईन म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले. "ती कधी विकतचा आणत नव्हती. मी शोधीन."

यावर सगळ्यांनी आदरानं माना डोलावल्या. शरफुन्निसाला मात्र खोकल्याची मोठी उबळ आली. पाणी देऊनही थांबेना. त्या दुपट्ट्यात तोंड घालून स्वयंपाकघरात गेल्या. बिचारीला मैत्रिणीची आठवण झाली असणार, असं कमलाकरांना वाटलं आणि त्यांचेही डोळे भरून आले.

मोहिमेआधी एक घरगुती अडचण निपटायची होती, ती गवती चहाची. प्रमोदिनीनं गॅलरीत चार टबांत गवती चहा लावला होता. एसीचं टपकणारं पाणी नळीनं टबांत सोडलेलं. सहा महिने कोणी हात न लावल्यानं तो असा माजला होता, की त्याची पाती खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन कुटुंबाच्या वाळत घातलेल्या कपड्यांना ओरबाडू लागली. बिल्डिंगचा रखवालदार दोनदा येऊन बोट हलवून गेला. प्रमोदिनी दर वर्षी फग्याच्या सहलीच्या आदल्या दिवशी तो कापायची आणि चांगली मोठी जुडी बांधून बरोबर घ्यायची. वाळवंटातल्या चहासाठी, म्हणायची. आठ माणसांच्या चहाला एवढं गवत? कमलाकरांनी एकदा विचारलं होतं. "वारा असतो," ती म्हणाली होती. याचा अर्थ त्यांना अजून लागलेला नव्हता.

आता त्यांनीच कात्री घेतली. गवती चहाच्या पात्याला धार असते, हे त्यांना पहिल्या मिनिटात कळलं आणि पुढच्या अर्ध्या तासात दहाही बोटांना कळलं. कापून झाल्यावर सव्वा हात लांबीच्या सहा जुड्या झाल्या. त्या घेऊन ते दारोदार हिंडले. गौरीकडे मागच्याच वर्षीचा वाळलेला होता. हेमलतावहिनींना त्यानं पित्त व्हायचं. हुसेनमियाँकडे तर तो दुकानात होता. टाकवेना, कारण तिनं लावलेला. ठेववेना, कारण घरभर तिनं केलेल्या चहाचा वास. अखेर त्यांनी जुड्या गाडीच्या डिकीत कोंबल्या आणि झाकण लावलं.

पहिली मोहीम इंद्रनीलच्या जीपमधून निघाली. इंद्रनीलकडे उपग्रहाचे नकाशे होते, गेल्या तीन महिन्यांच्या पावसाची माहिती होती, आणि आत्मविश्वास तर कंपनीकडून मिळालेला होता. त्यानं नकाशावर लाल ठिपके काढले होते, त्याला तो हॉटस्पॉट म्हणायचा. टेकाडाच्या जुन्या जागेपेक्षा हे शंभर पटींनी शास्त्रीय आहे, असं त्यानं काकांना पटवलं. पहिल्या ठिपक्यावर कोंबड्यांचा फार्म निघाला. दुसऱ्या ठिपक्याकडे जाताना जीप वाळूत रुतली. इंद्रनीलनं टायरमधली हवा सोडली, तशी ती आणखी रुतली. कमलाकरांनी बाहेर उतरून ढकललं आणि चाकांनी उडवलेली सगळी वाळू, एक कणही वाया न घालवता, अंगावर घेतली. तीन तासांनी एका पाकिस्तानी टँकरवाल्यानं दोर लावून त्यांना बाहेर काढलं. कशाला आलात म्हणून विचारल्यावर कमलाकरांनी खरं सांगितलं. टँकरवाल्यानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आपल्या डब्यातली अर्धी रोटी काढून त्यांच्या हातावर ठेवली. उकिडव्यांच्या घराण्यात ही पहिली भिक्षा.

पुढच्या शुक्रवारी ते एकटे निघाले. नकाशे नकोत, ॲप नको. सरळ जुन्या टेकाडापाशी. खुरपं मिळालं नाही म्हणून स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं. शेगडीची जागा त्यांना अचूक सापडली. सांभाळलीच होती तशी. टेकाडापलीकडे जाण्याआधी अलीकडेच, वाटेत, त्यांना जमीन फुगलेली दिसली. एक लांबच लांब, सरळ रेघेत फुगलेली जमीन. एवढी मोठी फुगवट म्हणजे खाली साडेतीन किलो तरी सहज, असा हिशोब करून ते गुडघ्यांवर बसले आणि उलथनं चालवू लागले.

आता इथं कमलाकरांच्या नोकरीविषयी सांगायला हवं. एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ते परमिट देण्याच्या खात्यात होते. त्यांच्या सहीशिवाय तिथं कोणालाही टीचभर खड्डा खणता येत नसे. एकदा कारखान्याच्या बड्या साहेबाच्या हस्ते वृक्षारोपण होतं. मंडप होता, फोटोवाला होता, साहेबांच्या हातात फावडं होतं. कमलाकरांनी पुढं होऊन खोदकामाचा परवाना विचारला. नव्हता. झाड अकरा दिवस कुंडीत राहिलं आणि मेलं. जमिनीखाली काय आहे हे माहीत नसताना खणणारा माणूस हा आपला आणि दुसऱ्याचा शत्रू असतो, हे त्यांचं वाक्य फलकावर लिहून प्रत्येक गेटवर लावलेलं होतं.

सांगायचा मुद्दा, ती लांब फुगवट म्हणजे नवीन पुरलेली पाइपलाइन होती. पिवळे खांब दोन्ही बाजूंना उभे होते. कमलाकर ओणवे असल्यामुळे त्यांना खांबांचे फक्त बुंधे दिसले.

रखवालीची गाडी आली. गार्ड तरुण होता, फार सभ्य होता, आणि त्यामुळं अपमान जास्त झाला. त्यानं उलथनं दोन बोटांत धरून एका पारदर्शक पिशवीत घातलं. मग एका पत्र्याच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं. इकामा बघितला, हुद्दा वाचला. पुन्हा वाचला. आतल्या साहेबाला बोलावून त्यालाही वाचायला दिला. मग दोघांनी मिळून कमलाकरांना खजूर दिले आणि एक तअह्हुद, म्हणजे लेखी हमी, पुढं सरकवली: मी यापुढे परवान्याशिवाय जमीन खणणार नाही.

कमलाकरांनी कागद नीट वाचला आणि सवयीनं सांगितलं की या नमुन्यावर आवृत्तीचा क्रमांक नाही, शिवाय साक्षीदाराच्या सहीला जागा सोडलेली नाही. आतला साहेब म्हणाला की सूचना चांगली आहे. मग कमलाकरांनी सही केली. एकोणीस वर्षं लोकांना जे वाक्य शिकवलं त्याखाली, गुन्हेगाराच्या जागी.

ते घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. ती कशी, हे वाळवंटापासून अडीच तासांच्या अंतरावर राहणाऱ्या मराठी माणसांनाच ठाऊक. दाराशी हुसेनमियाँ उभे होते.  ते हुफूफच्या माणसाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी कमलाकरांच्या खिशात ठेवून, खांद्यावर थोपटून निघून गेले. इंद्रनीलनं काकांसाठी ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर बघून ठेवला होता. फगा धातूचा नसतो, हे त्याला सांगायचीही ताकद कमलाकरांत उरली नव्हती. हेमलतावहिनींचं मत पडलं की गुरुजींनी सुचवलेलं न करता हट्टानं केलं की असंच होतं. गुरुजींनी नेमकं काय सुचवलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

रथसप्तमी पुढच्या रविवारी. मध्ये एकच सुट्टीचा शुक्रवार. गुरुवारी संध्याकाळी कमलाकर चिठ्ठी समोर घेऊन बसले होते. नंबर फोनवर दाबून झाला होता, फक्त हिरवं बटण राहिलं होतं. तेवढ्यात बेल वाजली.

शरफुन्निसा तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन आल्या होत्या. डबा टेबलावर ठेवून त्या दारातच उभ्या राहिल्या. 

"भाई, उद्या जाणार?"

"जाऊन काय करू? मी हमी लिहून दिलीय. खणता येत नाही."

"खणू नका." त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "टेकाडाला मागून रस्ता आहे. त्या रस्त्यानं जा. पाण्याचं काळं टाकं लागेल, तिथं थांबा. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका."

"तुम्हाला जागा माहीत आहे? मग एवढे दिवस—"

"मला शपथ घातलीय तिनं," शरफुन्निसा म्हणाल्या, आणि पुन्हा तोच खोकला आला. यावेळी कमलाकरांना तो नीट ऐकू आला. तो खोकला नव्हता. बाई हसू दाबत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते दोन्हीचं होतं.

रिकाम्या हातानं जाऊ नका याचा अर्थ कमलाकरांनी आपल्या बुद्धीप्रमाणे लावला. हातमोजे घेतले, प्रथमोपचाराची पेटी घेतली, चार बाटल्या पाणी, दुपारच्या जेवणाचा स्टीलचा डबा, आणि हमीपत्राची एक प्रत.

काळं टाकं सापडलं. टाक्याशेजारी तंबू होता, वीसेक उंट, एक जुनी पिकअप, आणि तंबूच्या दाराशी चटईवर बसलेला सत्तरीचा एक बेदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीतला, म्हातारा. गाडीतून उतरलेल्या माणसाला आधी चहा पाजायचा आणि मग कोण म्हणून विचारायचं, ही इथली रीत. म्हाताऱ्यानं आपलं नाव हम्माद असं सांगितलं आणि किटलीतून चहा ओतला.

कमलाकरांनी पेला तोंडाशी नेला आणि थांबले. चहाला गवती चहाचा वास येत होता. जुन्या, वाळवून ठेवलेल्या गवती चहाचा.

या देशात चहात पुदिना घालतात, केशर घालतात, वेलची घालतात. हे नाही घालत. पण माणसाचं डोकं सरळ गोष्ट आधी नाकारतं. असेल इथलंही एखादं गवत, असं म्हणून त्यांनी चहा संपवला. मग हम्मादनं वाटीत उंटिणीचं दूध दिलं. तेही संपवलं.

आणि मग त्यांनी वाटी सवयीनं फिरवून काठाखाली पाहिलं.

या सवयीमागे इतिहास आहे. प्रमोदिनीला भांड्यांवर नाव घालून घ्यायचा सोस होता. पुण्याला गेली की नवी भांडी घ्यायची आणि तुळशीबागेत बसून त्यांवर मशीननं नाव कोरून आणायचं. एवढं करूनही घरातली भांडी कमी होत होती. वाट्या बारावरून सातवर आल्या, पेले गेले, झाकणाचा मोठा डबा तर २०२१ साली जो गेला तो गेलाच. ती म्हणायची, पॉटलकला गेली असतील. कमलाकरांचा संशय गौरीवर होता. इंद्रनीलकडे जेवायला गेलं की ते आमटी पिऊन झाल्यावर वाटी हळूच उलटी करून बघायचे. एकदा तर गौरीनं विचारलं होतं, काका, अजून वाढू का?

हम्मादच्या वाटीवर कोरलेलं होतं: सौ. प्रमोदिनी क. उकिडवे.

त्यांनी मान वर केली. तंबूच्या कोपऱ्यात फळीवर पेले होते, वाट्या होत्या, दोन ताटल्या, एक झारा. उठून त्यांनी एकेक उचलून पाहिलं. सौ. प्रमोदिनी. सौ. प्रमोदिनी. सौ. प्रमोदिनी. गौरीची मनातल्या मनात माफी मागायला हवी होती, पण तेवढी सवड नव्हती. अकरा वर्षांची एक गोष्ट डोळ्यांसमोर भराभर उलगडत होती. टेकाडापलीकडे जाणाऱ्या दोन बायका. पिशवीत गवताची जुडी आणि खाली लपवलेली भांडी. तासभर इथं चटईवर बसून चहा, गप्पा, बहुतेक मराठीतच. मग भरलेली पिशवी. आणि परत येऊन, शेगडी सांभाळणाऱ्या नवऱ्याकडे बघत: नजर लागते.

तिनं आयुष्यात एकही फगा शोधलेला नव्हता.

हम्माद त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्यानं फळीकडे बोट केलं, मग कमलाकरांकडे, आणि विचारलं, "मदाम बरमोदनी?" ती कुठं आहे, असं हातानं.

कमलाकरांना अरबीचे साठेक शब्द यायचे. सगळे ऑफिसातले. उद्या, परवाना, मनाई आहे, सही कर. हे सांगायला त्यातला एकच शब्द उपयोगाचा होता, आणि एकोणीस वर्षं त्यांनी तो पेट्रोल संपलं, मुदत संपली, कागद संपला की वापरला होता.

"मदाम खलास," ते म्हणाले.

सहा महिन्यांत त्यांनी हे कोणाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं नव्हतं. पुण्याला चारुतानं कळवलं, बिल्डिंगमध्ये हुसेनमियाँनी, कंपनीत फॉर्मनं.

हम्माद खाली बसला. तळहात वर करून तो काही पुटपुटला, मग ते हात त्यानं तोंडावरून फिरवले.  एक उंट येऊन दोघांकडे बघून गेला. मग हम्माद उठला, आत गेला आणि झाकणाचा मोठा डबा घेऊन आला. २०२१ सालचा. झाकण काढलं. ओल्या फडक्याखाली पांढरट फगे, एकाहून एक मोठे, बोचऱ्या मातीच्या वासाचे.

त्यानं बोटांनी सांगितलं. आधी दहा, मग चार. मग एका बोटाच्या पेरावर खूण करून पाव. गेल्या हिवाळ्यात मदाम सांगून गेली होती. यंदा पाऊस पडल्यापासून तो तिची वाट बघत होता. फगा फार टिकत नाही, म्हणून जुने विकून डब्यात नवे भरत होता. असं तीनदा झालं होतं.

म्हणजे ऑर्डर आधीच दिलेली होती. गेल्या संक्रांतीला चौदा बायकांसमोर तो शब्द दिला, तेव्हा तिच्या पोटात पूर्ण खात्री होती. आणि तो शब्द पाळायला तिचा नवरा वाळू खाऊन, रोटीची भिक्षा घेऊन, गुन्हेगार म्हणून सही करून आला होता.

कमलाकरांना प्रमोदिनीचा राग आला. असा आला, की कानशिलं तापली. सहा महिन्यांत तो आला नव्हता. गेलेल्या माणसावर कोणी रागावत नाही. फोटोला हार घालतात, चांगलं चांगलं बोलतात. रागावतात ते घरातल्या माणसावर. त्यांनी मनातल्या मनात तिला चांगलं दहा मिनिटं सुनावलं: खोटारडी, भांडीचोर, अकरा वर्षं मला शेगडीपाशी बसवलंस. ती नेहमीसारखी ऐकून घेत होती आणि नेहमीसारखी तिच्यावर काही परिणाम होत नव्हता. फार बरं वाटलं.

त्यांनी खिशातून पाकीट काढलं, तर हम्मादनं तोंड फिरवलं. तेव्हा शरफुन्निसाच्या वाक्याचा अर्थ लागला. ते उठून गाडीकडे गेले आणि डिकी उघडली. पंधरा दिवस तापलेल्या डिकीत सहाही जुड्या खडखडीत वाळल्या होत्या आणि आतून चहाचा भपकारा आला. हम्मादनं एक जुडी घेतली, नाकाशी धरली, आणि वर्षानुवर्षं करत असल्यासारखी चार पाती मोडून किटलीत टाकली. मोठा डबा फग्यासकट घरी जायचा, म्हणून कमलाकरांनी आपल्या जेवणाचा डबा त्याच्या फळीवर ठेवला. त्यावरही तिचंच नाव होतं. त्यांच्या घरात दुसऱ्या कोणाचं कशावर नव्हतंच.

निघताना हम्माद गाडीच्या खिडकीपाशी आला. मदामनं त्याला हिंदी लोकांचं एक बोलणं शिकवलं होतं, असं त्यानं खुणांनी सांगितलं. ती दर वर्षी निघताना म्हणायची. पाहुण्याला निरोप देताना म्हणायचं असणार, असा त्याचा समज होता. त्यानं छातीवर हात ठेवला आणि मोठ्या अदबीनं, एकेक शब्द सांभाळून म्हटलं,

"ह्यांना सांगू नका."

कमलाकरांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. समोरचं काळं टाकं थोडा वेळ नीट दिसेना.

"नाही सांगत," ते म्हणाले.

रविवारी कमलाकर गौरीच्या दाराबाहेर, कुरियरवाल्याच्या जागी, चौदा पिशव्या घेऊन उभे राहिले. बायका दारात जमल्या. हेमलतावहिनींनी एक फगा हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला आणि अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. शेवटी जमलं काकांना, असं कोणीतरी आतून म्हणालं. गौरीला मात्र राहवेना. एवढे मोठे तर काकूंनाही कधी मिळाले नव्हते. "काका, खरं सांगा, कुठं सापडले?"

कमलाकरांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही खोट्या कागदावर सही केली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नजर लागते," ते म्हणाले.

आत शरफुन्निसाला खोकल्याची उबळ आली. दोन ग्लास पाणी दिलं तरी थांबेना.